चंद्रावर नऊ पॉइंट आठ

आमच्या प्रशिक्षकाला 'पुढची स्लाइड' हे नाव पहिल्याच चहाच्या सुट्टीत पडलं आणि ते त्याला अगदी चपखल बसलं. कुणी काहीही विचारलं की तो तोंडभर हसून सांगायचा, ते पुढच्या स्लाइडवर येतंय. पुढच्या स्लाइडवर एक हसरी मुलगी असायची आणि तिच्या डोक्यावर पेटलेला दिवा. त्याच्या पुढच्या स्लाइडवर नुसते बाण. माणूस तसा वाईट नव्हता. आदल्या वर्षापर्यंत तो दुकानदारांना बिलाचं मशीन चालवायला शिकवत होता, आता गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तंत्रज्ञानानं शिकवायला शिकवत होता. स्लाइडा बहुतेक त्याच होत्या, कारण एकीवर 'समाधानी ग्राहक' तसंच राहून गेलं होतं.

प्रशिक्षण आमच्याच शाळेच्या सभागृहात होतं. आसपासच्या शाळांतले सगळे गणित-विज्ञानवाले गोळा केले होते. खुर्च्या लहान मुलांच्या, त्यामुळे एकेका भारदस्त मास्तराचे गुडघे हनुवटीला लागत होते. भिंतीला विजेचे दोनच प्लग चालू. तिथं टॅबलेट चार्ज करायला जी रांग लागली आणि त्या रांगेत जी भांडणं झाली, ती पाहून आमच्याच वर्गातली पोरं आम्हाला शिस्तीवर भाषण देऊ शकली असती. मुख्याध्यापकांनी उद्घाटनाचं भाषण केलं, त्यात 'काळाची गरज' हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी टाळ्या कुठे वाजवायच्या ते कुणालाच कळेना.

मी गणिताचा मास्तर. माझी बायको याच शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत ती मला 'सर' म्हणते आणि मी तिला 'मॅडम', घरी एकेरी. आमचं लग्न झालं तेव्हापासून ती दहावीला विज्ञान शिकवते आहे. प्रयोगशाळेची किल्ली तिच्या पर्समध्ये असते, आणि दहावीचा तास असला की ती सकाळी स्वयंपाकघरात गुणगुणत असते. पाचवी-सहावीचा बदली तास घ्यावा लागला की गुणगुणणं बंद. हे मी इतकी वर्षं ऐकत आलोय, तेव्हा त्या वर्गात तिचा किती जीव आहे ते मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

आणि नेमकं तेच पणाला लागलं होतं. वरून हुकूम आला होता की यापुढे दहावीला टॅबलेटवरूनच प्रयोग होतील, आणि ज्याला प्रशिक्षणात 'प्रमाणित' असा शेरा मिळेल त्यालाच दहावी मिळेल. बाकीच्यांनी खालचे वर्ग सांभाळायचे. हुकूम वाचून बायको हसली होती. "मोजायचंच आहे ना? मग काय," एवढंच म्हणाली.

प्रयोग होता लंबकाचा. टॅबलेटच्या पडद्यावर दोरी, दोरीला गोळा, खाली स्टॉपवॉच. गोळ्याला बोटानं ओढून सोडायचं, किती वेळात किती झोके होतात ते मोजायचं, आणि सूत्रात घालून गुरुत्व त्वरण काढायचं. म्हणजे ज्या ओढीनं वस्तू खाली पडते तिचा आकडा. तो पृथ्वीवर नऊ पॉइंट आठ येतो, हे विज्ञानवाल्यांना झोपेतसुद्धा ठाऊक असतं, आणि गणितवाल्यांना सूत्रासकट.

सगळं दुखणं त्या ठाऊक असण्यातच होतं. मी गोळा सोडला, तर तो नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखा आळोखेपिळोखे देत पलीकडे गेला आणि तितक्याच आळसानं परत आला. एवढ्या लांबीच्या दोरीला एवढा वेळ लागत नाही. मला वाटलं, टॅबलेट अडकतोय. स्वस्तातला माल, अडकणारच. तेव्हा मोजत बसण्यापेक्षा मी सरळ काम केलं. उत्तर नऊ पॉइंट आठ यायचंय, तर झोक्यांना किती वेळ लागायला हवा? तो खालून वर काढला आणि निरीक्षणाच्या चौकटीत भरून टाकला. त्यातही एक कला असते. तंतोतंत लिहिलं तर संशय येतो, म्हणून एक निरीक्षण जरा जास्त, एक जरा कमी, आणि सरासरी बरोबर हवी तिथं. शेजारचा गणिताचा मास्तर, ज्याला आम्ही 'दशांश' म्हणतो, त्यानं नऊ पॉइंट आठ तीन आणलं. नम्रता म्हणून.

इकडे आम्ही चहाकडे नजर लावून बसलो होतो, तिकडे विज्ञानाच्या बाजूला बायको अजून मोजत होती. एकदा झालं, दोनदा झालं. कपाळाला आठ्या. मग तिनं टॅबलेट डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला, आणि परत मोजायला लागली.

'पुढची स्लाइड' एकेकाला उभं करून उत्तर विचारत होता आणि पडद्यावर बरोबरची हिरवी खूण उमटवत होता. नऊ पॉइंट आठ, खूण. नऊ पॉइंट सात नऊ, खूण. सगळं सभागृह जवळजवळ एका सुरात होतं. बायकोचा नंबर आला. ती उठली आणि म्हणाली, "एक पॉइंट सहा."

सभागृहात हशा पिकला. 'पुढची स्लाइड'नं मोठ्या मनानं सांगितलं की मॅडम, पहिल्यांदा होतं असं, स्टॉपवॉच दाबायला उशीर होतोय तुमचा. त्यावर ती शांतपणे म्हणाली की स्टॉपवॉचला काही झालेलं नाही. आकाश काळं आहे आणि वर कोपऱ्यात 'चंद्र' असं लिहिलंय. हा लंबक चंद्रावर लटकवलाय आणि चंद्रावर एवढंच येतं.

मी माझ्या टॅबलेटकडे बघितलं. काळं आकाश, बारीक चांदण्या, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'चंद्र'. मघापासून ते माझ्या नाकासमोर होतं. सभागृहातल्या प्रत्येकाच्या नाकासमोर होतं. विज्ञान-गणिताचे झाडून सगळे शिक्षक सकाळपासून चंद्रावर जाऊन बसले होते आणि तिथं बसून पृथ्वीचं उत्तर काढत होते.

'पुढची स्लाइड'ही वाकून बघायला लागला. क्षणभर त्याचं हसू थांबलं. मग परत आलं. तो म्हणाला, "तो डार्क मोड आहे, मॅडम. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. चंद्र हे त्या थीमचं नाव आहे." आणि नंतर त्यानं जे केलं त्याला तोड नाही. तो सगळ्यांकडे वळला आणि म्हणाला की आता तुम्हीच बघा, चंद्र असता तर इतक्या सगळ्या अनुभवी शिक्षकांचं नऊ पॉइंट आठ आलं असतं का?

बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. अनुभवी शिक्षक खाली मान घालून टॅबलेटच्या कडा पुसत होते. दशांश बुटाची नाडी बांधायला वाकला, बूट बिननाडीचे असताना. बायकोनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. तिला वाटलं असणार, निदान एक माणूस आपला आहे.

"सर, तुमचं किती आलं?" तिनं विचारलं.

आता खरं सांगायचं तर मी काहीच मोजलेलं नव्हतं, तेव्हा 'किती आलं' या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या नावापुढे नुकतीच हिरवी खूण उमटली होती, मुख्याध्यापक दारात उभे होते, आणि मी म्हणालो, "नऊ पॉइंट आठ."

ती खाली बसली. तिच्या नावापुढे 'आणखी सराव हवा' असं उमटलं, तांबड्या अक्षरांत.

घरी येताना रस्ताभर मीच बोलत होतो. म्हटलं, त्या बिचाऱ्याला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडून काय मिळणार होतं? म्हटलं, मनात एक पॉइंट सहा ठेवायचं आणि तोंडानं नऊ पॉइंट आठ म्हणायचं, जग असंच चालतं. म्हटलं, तूच सांग, परीक्षेत प्रात्यक्षिकाला आपली पोरं काय करतात? कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पोरांचं मला माहिती आहे. तुझं माहिती नव्हतं."

त्यात आमच्या आईची भर. माझं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी तिनं ते काच लावून आणलं आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या वर टांगलं. शेजारीण आली की तिला समोरच बसवायची. एकदा मी घरात असतानाच सुनेला म्हणाली की तू जरा लक्ष द्यायला हवं होतंस, तो बघ कसा पहिल्या झटक्यात पास झाला. बायको भाजी चिरत होती, ती चिरत राहिली. मी तिथंच होतो. आई, तसं नाहीये ते, एवढे चार शब्द बोलायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

'आणखी सराव हवा' वाल्यांना एक संधी होती. आपल्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा, समोर अधिकारी बाई आणि 'पुढची स्लाइड'. पाठ जमला तर प्रमाणित, नाही तर खालचे वर्ग. बायकोला प्रयोग तोच मिळाला, लंबकाचा. टॅबलेट 'पुढची स्लाइड'च आणणार होता आणि सगळे त्याच्या मुख्य टॅबलेटला जोडलेले असणार होते. म्हणजे चंद्र असो की पृथ्वी, किल्ली त्याच्या हातात.

मुख्याध्यापक असल्या कामात पटाईत. आदल्या दिवशी ते स्वतः दहावीत गेले आणि तालीम घेतली. बाई आल्या की उभं कसं राहायचं, 'आम्हाला टॅबलेटमुळे विज्ञान आवडू लागलं' हे कुणी म्हणायचं, आणि कुठल्याही गटाला विचारलं तरी उत्तर काय द्यायचं. नऊ पॉइंट आठ त्यांनी पोरांकडून इतक्यांदा म्हणवून घेतलं की शेजारच्या वर्गात माझ्या भूमितीच्या तासाला पोरं त्या तालावर पाय आपटायला लागली.

त्या संध्याकाळी मी बायकोपुढे हात जोडले. खोटं नव्हे, खरंच जोडले. म्हटलं, तुला काहीच करायचं नाहीये. पोरं म्हणतील नऊ पॉइंट आठ, तू नुसती मान हलव. दहावी तुझ्याकडे राहील, किल्ली राहील, पुढच्या आठवड्यापासून तुला हवं ते मोज. एकदा मान हलवण्याची गोष्ट आहे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की मी पोरांना आधी काही सांगणार नाही, जे येईल ते येईल. मला वाटलं, ऐकलं हिनं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुणगुणत होती, त्यामुळे माझी खात्रीच पटली.

पाठाला आम्ही प्रमाणित मंडळी मागच्या भिंतीला टेकून उभे होतो. अधिकारी बाई पहिल्या बाकाच्या बाजूला, खुर्चीवर खास उशी घालून. टॅबलेट वाटले गेले. पडदे उजळले, आणि मी मागूनसुद्धा पाहिलं: काळं आकाश, चांदण्या. 'पुढची स्लाइड'नं इतक्या दिवसांत त्या कोपऱ्याला बोट लावलेलं नव्हतं. लावणार तरी कशाला, सगळ्या शाळांतून नऊ पॉइंट आठच येत होतं.

बायकोनं पाठ मात्र असा घेतला की अधिकारी बाई घड्याळ बघायचं विसरल्या. मग गटागटानं उत्तरं सुरू झाली. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. मुख्याध्यापकांचे ओठ प्रत्येक उत्तराबरोबर हलत होते. गोळे पडद्यांवर आपले संथपणे डुलत होते आणि एकही पोर त्यांच्याकडे बघत नव्हतं.

शेवटी खिडकीजवळचा मुलींचा गट उभा राहिला. त्यातली एक, उंच, दोन वेण्यांची, आदल्या दिवशी तालमीला गैरहजर होती. ती म्हणाली की आमचं एक पॉइंट सहा येतंय.

मुख्याध्यापक खोकले. अधिकारी बाईंनी प्रेमानं सांगितलं, पुन्हा मोजा. मुलींनी पुन्हा मोजलं. सगळा वर्ग थांबून राहिला आणि तो गोळा त्या काळ्या आकाशात निवांत हलत होता. पुन्हा एक पॉइंट सहा. ती मुलगी आता रडायच्या बेतात होती. खोडरबर तिच्या हातात आला होता.

अधिकारी बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, "यांचं कुठे चुकलं ते समजावून सांगा."

मनातल्या मनात मी तिच्या वतीनं वाक्यसुद्धा तयार केलं होतं: स्टॉपवॉच दाबायला उशीर झाला. सहज खपलं असतं. ती त्या मुलीपाशी गेली, तिच्या हातातला खोडरबर काढून घेतला आणि म्हणाली, "यांचं बरोबर आहे. बाकी कुणी मोजलेलंच नाही."

मग ती फळ्याकडे गेली आणि मोठ्या आकड्यांत एक पॉइंट सहा लिहिलं. हा लंबक चंद्रावर आहे, कोपऱ्यात वाचा, असं तिनं वर्गाला सांगितलं. पोरांनी पहिल्यांदा पडद्याकडे नीट बघितलं, आणि वर्गात जी कुजबुज उठली ती मला इतक्या वर्षांत माझ्या एकाही तासाला ऐकू आलेली नाही. 'पुढची स्लाइड' धावत पुढे आला. डार्क मोड, थीम, डोळ्यांना त्रास. अधिकारी बाईंना त्यातलं काही कळेना. त्यांना बिचाऱ्यांना फक्त एवढं कळत होतं की अहवालात काय लिहायचं ते आता त्यांना स्वतः ठरवावं लागणार आहे, आणि तो प्रसंग त्यांच्यावर पूर्वी कधी आलेला नसावा. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या भिंतीकडे वळल्या.

"तुम्ही प्रमाणित आहात ना?" त्या मला म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. हे चंद्र आहे की नाही?"

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. बायको बघत नव्हती. ती खडूचे हात पुसत होती. मला वाटतं, मी काय बोलणार ते तिला माझ्या आधी माहीत होतं. शेजारी दशांशानं माझ्या पायावर पाय दिला. मी 'हो' म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न उघड होता: मग तुमचं नऊ पॉइंट आठ आलं कसं? आणि नुसतं माझंच नाही, या भिंतीला टेकलेल्या सगळ्यांचं, आणि आणखी किती शाळांचं, देव जाणे.

मी म्हणालो, "तपासून बघावं लागेल."

अधिकारी बाईंना केवढं हायसं वाटलं. लिहिण्याजोगं वाक्य मिळालं होतं. त्यांनी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं, मुख्याध्यापकांनी चहाला चला म्हटलं, आणि सगळे चहाला गेले. बायको वर्गात राहिली. मी दारापर्यंत परत गेलो होतो, पण ती त्या मुलींच्या बाकापाशी उभी राहून हाच लंबक पृथ्वीवर कसा झुलला असता ते त्यांना दाखवत होती, म्हणून आत गेलो नाही. असं मी स्वतःला सांगितलं.

तपासून अर्थातच कुणी काही बघितलं नाही. निकाल मात्र लागला. मॅडमचा विषयाचा अभ्यास चांगला आहे, पण तंत्रज्ञानाशी जुळवून घेण्यात अडचण येते, तरी त्यांना खालचे वर्ग द्यावेत. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि अशा हळू आवाजात सांगितलं की जणू मला कुठला तरी आजार झालाय: विज्ञानाला दुसरं कुणी प्रमाणित नाही, तुम्ही आहात, गणिताबरोबर दहावीचं विज्ञानही तुम्हीच घ्या. मी म्हणालो, अहो, मला विज्ञान कुठे येतं? ते म्हणाले, येण्याचा प्रश्नच नाही, सगळं टॅबलेटवर आहे.

मी घरी हे सांगितलं तेव्हा आईनं साखर वाटायला काढली. बायकोनं पर्समधून प्रयोगशाळेची किल्ली काढली आणि टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवली. "घ्या, सर," ती म्हणाली.

तेव्हापासून ती मला घरातही सर म्हणते. रागानं म्हणत नाही, तेच तर अवघड आहे. सर, चहा झालाय. सर, गिझर बंद करा. मी दोन-तीनदा हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. एकदा चिडलोही. तिनं शांतपणे विचारलं की मग काय म्हणू, आणि मी गिझर बंद करायला उठलो.

माझा दहावीचा पहिला विज्ञानाचा तास सोमवारी होता. वेळ थोडा, टॅबलेटांचं चार्जिंग अर्धं, आणि मी नवखा. म्हणून मी घंटेच्या आधीच वर्गात जाऊन फळा तयार करून ठेवला. वर प्रयोगाचं नाव, त्याखाली सूत्र, त्याखाली निरीक्षणांची चौकट आकड्यांसकट भरलेली, आणि सगळ्यात खाली चौकोनात उत्तर. गणितात मी नेहमी असंच करतो, पोरांचा वेळ वाचतो. अक्षर माझं चांगलं आहे. मागे उभं राहून बघितलं तेव्हा फळा मला फार आवडला.

पोरं आली, बसली. टॅबलेट वाटून झाले. कुणी गोळा ओढायला हात लावला नाही. सगळी फळ्याकडे बघत होती. मग खिडकीजवळची ती उंच मुलगी उभी राहिली.

"सर, मोजायचं आहे की उतरवून घ्यायचं?"

तिच्या बोलण्यात खोचकपणा नव्हता. कुठली वही काढायची एवढंच तिला ठरवायचं होतं. मी घड्याळाकडे बघितलं, तास बराच शिल्लक होता.

"उतरवून घ्या," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, टॅबलेट पालथा ठेवला, आणि लिहायला लागली.